निषेधाच्या ठरावाला दुरुस्ती

केसरबाईला सरपंचपदावरून काढलं ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठ वाजता. आणि काढणाऱ्यानं आधी तिला कडक सॅल्यूट ठोकला.

“बाई, आजपास्नं तुमी इश्रांती घ्या,” सोनबा हवालदार म्हणाला. “गावात शिस्त ऱ्हायली न्हाय. शिस्त आली की तुमची खुर्ची तुमाला माघारी.”

“कवा येणार ही शिस्त?”

“नव्वद दिसांत.”

त्याच्यामागं ग्राम सुरक्षा दलाचे बारा जवान उभे होते. अंगात खाकी, हातात काठ्या आणि लख्ख ऊन पडलेलं असताना कमरेला बॅटऱ्या. खडकटेकची ग्रामपंचायत म्हणजे एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट. ती ताब्यात घ्यायला बारा माणसं जरा जास्तच झाली, त्यातली चार तर दारातच अडकली. सोनबानं टेबलावरचा सरपंचाचा शिक्का उचलून खिशात घातला, कपाटाच्या किल्ल्या घेतल्या आणि केसरबाईला वाट करून दिली. ती घरी आली तेव्हा बिरोबाच्या देवळावरच्या कर्ण्यातून देशभक्तीची गाणी सुरू झाली होती. दोन गाणी झाली, घसा खाकरल्याचा आवाज झाला आणि सोनबा बोलू लागला.

“गावकऱ्यांनो, भिऊ नगा. मला सत्तेची हौस न्हाय.”

ज्याला हौस नसते तो कर्ण्यावर चढून सांगत बसत नाही, एवढं गावातल्या शेरडाकरडांनाही कळत होतं. पण शेरडांना मत नसतं, आणि ज्यांना मत होतं ते त्या दिवशी घराघरात दार ओढून बसले.

खरं दुःख केसरबाईला खुर्चीचं नव्हतं. ही माणसं तिनंच जमवली होती, ते तिला खात होतं. वर्षापूर्वी नदीकाठच्या विजेच्या मोटारी रातोरात गायब व्हायला लागल्या. पोलिसांनी सांगितलं, गावानं सुरक्षा दल काढावं. दलाचा प्रमुख नेमायचा होता. मानानं पुढचे दोघे होते, पण एकाचा भाऊ जुन्या सरपंचाच्या गटात आणि दुसरा सूर्य मावळला की स्वतःच्या घराची वाट चुकणारा. केसरबाईनं दोघांना मागं ठेवून सोनबाला पुढं आणलं. सतरा वर्षं फौजेत काढून आलेला, बाप-आजा मेंढरांमागं हिंडलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. “सरळ माणूस हाय, कुठल्या गटात न्हाय,” असं तीच सभेत म्हणाली होती. गटात नसलेला माणूस हातात काठी आली की स्वतःचाच गट काढतो, हे तिला नंतर कळलं. राखायला घातलेलं कुंपणच शेत खायला लागलं.

आणि त्या कुंपणाला खत-पाणी घालणारा माणूस गावचा नव्हताच.

दादासाहेब राहायचे तिकडं भिगवणच्या बाजूला, हायवेच्या कडेला. त्यांचे ट्रक होते, आणि ट्रकना वाळू लागायची. खडकटेकनं दल काढल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना गावाच्या सुरक्षेची एकदम काळजी वाटू लागली. आधी त्यांनी बारा बॅटऱ्या पाठवल्या. मग काठ्या, शिट्ट्या आणि खाकीचा तागा. शेवटी एक जुनी जीप आली, तिच्या बॉनेटवर ‘दादासाहेबांकडून सप्रेम भेट’ असं रंगवलेलं.

“आमाला तुमच्या गावच्या राजकारणात पडायचं न्हाय,” ते म्हणाले होते. “ही निस्ती मदत. तुमी तुमचं रक्षण करा म्हणून.”

केसरबाईनं तेव्हा त्यांच्या गळ्यात हार घातला. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनी वाळू उचलायला पंचायतीचा ना-हरकत दाखला मागितला, तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावाच्या नळाला पाणी देणारी विहीर नदीच्या पात्राला लागून आहे. वाळू पाणी धरून ठेवते म्हणून विहिरीला पाझर आहे. वाळू गेली की उन्हाळ्यात विहीर कोरडी, आणि नळाला नुसती हवा. केसरबाईनं पन्नास वर्षांत डोक्यावर इतकं पाणी वाहिलं होतं, की तिला हे कुठल्या इंजिनिअरनं सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, “सही मिळणार न्हाय.” दादासाहेब हसले, चहा पिऊन गेले. तिसऱ्या दिवशी गावात शिस्त राहिलेली नाही असा शोध सोनबाला लागला.

पण एक घोळ झाला होता. शिक्का खिशात घालता येतो, सही घालता येत नाही. दाखल्यावर सही लागायची ती केसरबाईचीच, कारण कागदोपत्री सरपंच अजून तीच होती. ती सही देत नव्हती तोवर विहीर शाबूत होती. तिच्या हातात तेवढंच उरलं होतं.

सहीची किंमत तिला अनुभवानं कळली होती. सरपंचपद राखीव झालं, बाईला आणि तीही बौद्ध समाजाच्या, तेव्हा जुन्या मंडळींनी मोठ्या मनानं तिला उभी केली. त्या मोठ्या मनाचं कारण आपला अंगठा होता, हे तिला नंतर समजलं. आमच्याकडं ग्रामसभेची एक रीत आहे. आधी कोऱ्या पानावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, ठराव मागाहून सवडीनं लिहायचा. सगळे घाईत असतात, कुणाची धार काढायची राहिलेली असते, कुणाच्या पाण्याची पाळी असते. केसरबाईनं पहिलं वर्षभर असे कोऱ्या पानांवर अंगठे दिले. मग एक दिवस कळलं की आपण शाळेच्या मैदानाचा कोपरा कुणाच्या तरी गुऱ्हाळाला देऊन टाकलाय. त्या दिवशी ती रडली आणि संध्याकाळी साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली. तिचा नवरा कचरू शाळेत शिपाई होता, आता पेन्शनवर होता. पेपराची जाहिरातसुद्धा न सोडणारा माणूस. त्यानं तिच्याकडून सहा महिने अक्षरं घोटून घेतली. तेव्हापासून ती वाचल्याशिवाय सही करत नव्हती. वाचायला वेळ लागायचा, बोट ठेवून वाचायची, लोक जांभया द्यायचे. देऊ देत.

तर सोनबाचं राज्य सुरू झालं. आठ वाजता शिट्टी, मग कुणी घराबाहेर पडायचं नाही. आता शेतीची वीज यायची रात्री दहानंतर, म्हणजे उसाला पाणी द्यायचं ते रात्रीच. त्यासाठी पास काढला. पास द्यायचा सोनबानं, आणि सोनबा रात्री झोपायचा. ऊस वाळायला लागला तेव्हा त्यानं कर्ण्यावरून सांगितलं की देशासाठी त्याग करावा लागतो. पहाटे लोटा घेऊन निघणाऱ्यांनाही रांगेत उभं केलं. म्हातारी माणसं पोट धरून शिट्टीची वाट बघत उभी राहायची. एवढा बंदोबस्त असून चोरी झालीच. जीपचीच बॅटरी गेली. ही बातमी गावाच्या मनोधैर्यासाठी दाबून ठेवण्यात आली, आणि त्यामुळं ती तासाभरात सगळ्यांना कळली.

गेणबा ही बातमी ऐकून हसला. सत्तरीचा माणूस, चावडीच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं हसला. दलातल्या एकानं त्याच्या गुडघ्यावर काठी घातली.

त्यानंतर गावात कुणी हसलं नाही. केसरबाई त्याला बघायला गेली. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. त्यावर हळद लावताना तिला स्वतःचाच राग आला. ती काठी आली त्या दिवशी हार तिनंच घातला होता.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला साहेबांकडं गेली. साहेब चांगला माणूस, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, “बाई, निवडणुका तोंडावर आहेत, आम्हाला आधी स्थैर्य पाहिजे. तुमच्या गावात सध्या भांडणं नाहीत, तक्रारी नाहीत. बाकी गावांनी तुमच्याकडून शिकावं.” तक्रार करायला घराबाहेर पडायचा पास लागतो, हे तिनं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिलेल्याचं पुढं काय झालं ते अजून कुणाला माहीत नाही.

गावात या राज्याला सगळ्यात जास्त विटली होती ती सोनबाची बायको. तिच्या आधी तीन बहिणी झाल्या म्हणून आईबापांनी तिचं नाव नकोशी ठेवलं होतं. दलाच्या सदऱ्यांची काजं तिनंच केली होती, आणि बारा जवान दोन वेळा तिच्याच घरी जेवायचे. माणशी चार भाकरी. सोनबा हिशेबात धरलेला नाही, कारण तो मालक. दोन महिने ती परातीपुढून उठली नव्हती.

“आक्का,” धुणं धुताना ती केसरबाईला म्हणाली, “त्या नव्वद दिसांतलं किती ऱ्हायलं?”

“त्यो म्हणतो, वाढवावं लागत्याल.”

 नकोशीनं सोनबाची खाकी विजार दगडावर अशी काही आपटली की एक गुंडी उडून पलीकडं पाण्यात गेली.

असं चाललेलं असताना ऑक्टोबरात रेडिओवर बातमी आली. शेजारच्या देशात लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथून टाकलं. पंतप्रधानाला ताब्यात घेतलं, दूरदर्शनचं ऑफिस घेतलं, विमानतळ घेतला. कारगिलची लढाई नुकतीच झालेली, माणसं आधीच तापलेली होती. खडकटेकमध्ये तर आगडोंब उसळला. आणि सगळ्यात जास्त कोण भडकला असेल?

“लोकांनी निवडून दिल्यालं सरकार!” सोनबा चावडीवर उभा राहून ओरडला. “बंदुकीच्या जोरावर काढतात! ह्याला काय माणूस म्हणायचं? ह्याचा निषेध झाला पायजे!”

भोवती बारा काठ्या आपटल्या, “झालाच पायजे!” म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. विशेष म्हणजे सोनबा खोटं बोलत नव्हता. त्याचा राग अगदी मनापासून होता. आपण केलं ती शिस्त आणि त्यांनी केला तो उठाव, यात त्याला काही जुळतंय असं वाटतच नव्हतं. माणसाला आरशात चेहरा दिसतो, पण ओळखायचं की नाही हे ज्याचं त्याच्यावर असतं.

कचरू संध्याकाळी रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता.

“ही काय एकाच देशाची गोष्ट न्हाय,” तो म्हणाला. “लई ठिकाणी असंच. लष्करवाला बसतो, बोलणाऱ्याला तुरुंगात घालतो. आन सातासमुद्रापलीकडचं एखादं सरकार त्याला इमानं, बंदुका धाडतं. इचारलं तर म्हणतं, आमचा मैतर हाय, आमी त्याला मदत करतोय.”

“आन त्या बंदुका चालतात कुणावर?”

“मैतराच्याच लोकांवर. दुसरं कोण घावतंय जवळ?”

 केसरबाईच्या डोळ्यांपुढं गेणबाचा गुडघा आला.

निषेधाची कल्पना दादासाहेबांना फारच आवडली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ग्रामसभा घ्यायची, ते प्रमुख पाहुणे, बारामतीहून एका साप्ताहिकाचा बातमीदार आणायचा, निषेधाचा ठराव दिल्लीला पाठवायचा. ठराव त्यांनीच टाइप करून आणला. फक्त सरपंचाशिवाय ग्रामसभा भरत नाही, असं ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कायद्याचं पुस्तक दाखवून सांगितलं. भाऊसाहेब सरकारी माणूस, जो खुर्चीत बसेल त्याच्यापुढं रजिस्टर ठेवायचं एवढाच त्यांचा धर्म. तेच आदल्या दिवशी प्रोसिडिंग बुक घेऊन केसरबाईच्या घरी आले.

“बाई, हितं सही करून ठेवा. उद्या घाई नको.”

पान कोरं होतं, वर नुसती तारीख.

“ठराव किती हायेत?” केसरबाईनं विचारलं.

“एकच. निषेधाचा. म्हंजे...” भाऊसाहेबांनी रुमालानं मान पुसली. “त्याच्याखाली अजून एक. किरकोळ. वाळूचा.”

देशासाठी सगळा गाव सही करणार, आणि त्याच सहीवर नदी विकली जाणार. केसरबाईला कडवट हसू आलं. गाव नको म्हणणार नव्हतं. देशासाठीच्या निषेधाला नको कोण म्हणतो? आणि तिनं एकटीनं सही नाकारली तर उद्या साप्ताहिकात तीच देशद्रोही ठरणार होती.

“सभेत करीन सही,” ती म्हणाली. “वाचून.”

“जाऊ नगंस,” भाऊसाहेब गेल्यावर कचरू म्हणाला. “ती माणसं काठ्या घिऊन बसणार.”

“माझ्याबिगर त्यांचं हालत न्हाय, म्हणून तर बलवायला आलं. अवो, दोन महिन्यांत पैल्यांदा त्यांना माझी गरज लागलीया. ही येळ सोडली तर हिरीत काय ऱ्हाणार हाय?”

सभा शाळेच्या मैदानात भरली, सकाळी दहाला. गुऱ्हाळाचा कोपरा सोडून. दादासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खुर्चीवर, शेजारी सोनबा, मध्ये केसरबाईसाठी खुर्ची. दल चारी बाजूंनी उभं. बायका एका अंगाला, त्यात हाताला पीठ लागलेली नकोशी. स्वयंपाक अर्धा सोडून आली होती.

दादासाहेबांनी भाषण केलं. ते म्हणाले, त्या देशातल्या हुकूमशहांपेक्षा मोठे गुन्हेगार म्हणजे त्यांना आजवर हत्यारं पुरवणारे परदेशी. त्यांना त्या गरीब लोकांशी काही देणंघेणं नाही, त्यांना फक्त आपला धंदा दिसतो. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मग सोनबा बोलला, आणि त्याच्याही टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी कोरं पान पुढं सरकवलं.

केसरबाई उभी राहिली. “आधी ठराव वाचते.”

“बाई, टाइम जातोय,” दादासाहेब हसत म्हणाले.

“देशाचं काम हाय. जाऊ द्या की टाइम.”

बातमीदारानं मान डोलावली, त्यामुळं कुणाला बोलता येईना. तिनं टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. “शे... शेजारच्या देशातील... निवडून आलेले सरकार... बळाचा वापर करून... हटवणाऱ्यांचा... ही ग्रामसभा... तीव्र निषेध करते. तसेच अशा दडपशाहीला... बाहेरून साधनसामग्री पुरवणाऱ्यांचाही... निषेध करते, आणि ही मदत... ताबडतोब बंद व्हावी... अशी मागणी करते.” पाच ओळींना पाच मिनिटं लागली. एवढा हळू वाचलेला ठराव गावानं पहिल्यांदाच पुरता ऐकला होता. माणसं हळूहळू एकमेकांकडं बघायला लागली.

“हवालदार,” तिनं विचारलं, “ह्ये समदं पटतंय तुमाला?”

“शंभर टक्के!”

“दादासाहेब, तुमाला?”

“मीच लिहिलंय, बाई.”

“चांगलं लिवलंय,” केसरबाई म्हणाली, आणि खरंच तिला तसं वाटत होतं. “पण देश लांब हाय. आपला निषेध तितवर पोचंल का न्हाय ठावं न्हाय. जितवर पोचतो तितलं आधी लिवावं. भाऊसाहेब, ‘शेजारच्या देशातील’च्या आधी लिवा, ‘आमच्या गावातील व’. आन ‘सरकार’च्या जागी लिवा, ‘सरपंच व सरकार’. बाकी एक अक्षर बदलायचं न्हाय.”

मैदान एवढं शांत झालं की शाळेच्या पत्र्यावरचा कावळा सुद्धा विचार करून ओरडला.

सोनबाचा चेहरा आधी तांबडा आणि मग पांढरा झाला. दादासाहेब खुर्चीतून पुढं झुकले. “भाऊसाहेब, असं चालतं का?”

भाऊसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कायदा मनापासून सांगितला. “दुरुस्ती सुचवता येते. पण सूचक पाहिजे आणि अनुमोदक पाहिजे. अध्यक्षांना स्वतः सूचक होता येत नाही.”

“मग सूचक कोण?” केसरबाईनं विचारलं.

कोणी उठलं नाही. तिनं पुरुषांकडं पाहिलं, त्यांनी जमिनीकडं पाहिलं. ज्यांचा ऊस वाळला होता ते, ज्यांची आई पहाटे रांगेत उभी राहत होती ते, सगळे आपापल्या पायताणाकडं अशा नजरेनं बघत होते, की जणू ती आजच विकत घेतली होती. काठ्या हलल्या. केसरबाईला आपली चूक कळली. आपण सगळं ओळखलं, आणि एवढंच ओळखलं नाही की हात वर करायला माणूस लागतो. आता दादासाहेब हसतील, कोरं पान पुढं येईल, आणि संपलं. 

“मी हाय सूचक,” बायकांतून आवाज आला.

नकोशी उभी होती. पिठाचे हात पदराला पुसत होती.

“खाली बस!” सोनबा ओरडला. “तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला येवढं कळतंय, तुमी गाव ताब्यात घितलं त्या दिशी माझी चूल बी ताब्यात घितली. शिस्त म्हणं. बारा बापयांच्या भाकरी थापून माझं मनगाट हालंना झालंय, त्याला कोण शिस्त लावणार? लिवा भाऊसाहेब, सूचक नकोशी सोनबा. आन तुमी समद्यांनी ऐका,” ती दलाकडं वळली, “आज दुपारपास्नं चूल बंद.”

मग एक काठी टेकत गेणबा उठला. एका पायावर. “अनुमोदक,” तो म्हणाला आणि दोन महिन्यांनी पुन्हा हसला.

त्यानंतर हात वर व्हायला वेळ लागला नाही. लोक असेच असतात. पहिला हात डोंगराएवढा जड, पुढचे कापसाचे. दलातल्या पाच जणांनीही हात वर केले, त्यातल्या एकाच्या हातात काठी तशीच होती. भाऊसाहेबांनी सगळं पानावर उतरवलं. केसरबाईनं शेवटच्या शब्दाला चिकटून आडवी रेघ ओढली, मध्ये बोटभरही जागा सोडली नाही, आणि रेघेखाली सही केली. वाळूचा ठराव लिहायला पानावर जागाच राहिली नव्हती.

“आमचं सामान माघारी द्या,” दादासाहेब थंडपणे म्हणाले. बॅटऱ्या, शिट्ट्या, काठ्या जीपमध्ये पडल्या. तिघांनी सदरे जागेवरच उतरवले, विजारी घरून आणून देतो म्हणाले. जीप सुरू होईना, बॅटरी जुनी बसवलेली. शेवटी दलातल्याच लोकांनी ढकलून ती गावाबाहेर काढली. एवढं मन लावून त्यांनी आजवर कुठलंच काम केलं नव्हतं.

सोनबा तिथंच उभा होता. त्यानं खिशातून शिक्का काढला. शाई पाझरून खिसा जांभळा झाला होता.

“बाई, मी खरंच शिस्तीसाठी केलं,” तो म्हणाला. 

केसरबाईला त्याची दया आली. आली ती आलीच, ती काय लपवायची. “ठावं हाय मला,” ती म्हणाली. “त्ये जाऊन गेणबाच्या गुडघ्याला सांग.”

साप्ताहिकात बातमी आली, ‘खडकटेककरांकडून लष्करशाहीचा निषेध’. दादासाहेबांचा फोटो मोठा आला, त्यांचं भाषण सगळं छापलं. दुरुस्तीचा उल्लेख जागेअभावी राहिला.

आठ दिवसांनी नदीपलीकडच्या कुरणगावात सुरक्षा दल निघालं. त्यांच्या पंचायतीपुढं एक जीप उभी राहिली. चारच दिवसांत तिथला म्हातारा सरपंच दत्तोबा आजारी असल्याचं कर्ण्यावरून सांगण्यात आलं. तो सकाळपर्यंत ठणठणीत होता.

“जाऊ द्या बाई,” गावातले लोक केसरबाईला म्हणाले. “नदी वलांडली की सोलापूर जिल्हा. त्यांचं त्ये बघून घेत्याल. आपलं तर निभावलं.”

“वाळू कुठल्या जिल्ह्याची?” तिनं विचारलं. “तिकडनं उपसली तर आपली हीर जिल्हा बघून थांबणार हाय?”

“बाई, दुसऱ्याच्या कारभारात पडू नये.”

हे ऐकून ती जी संतापली, ती घरात येईपर्यंत बोलत होती. दोन महिने तिला वाटत होतं, तालुक्याचा साहेब तेवढा दगड आहे. आता कळलं की सुटलेला माणूस किती पटकन साहेब होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरावाची नक्कल पिशवीत घातली आणि नदीवर आली. नकोशी आधीच येऊन उभी होती. दिवाळीच्या तोंडावरची नदी, पाणी गुडघ्याला. दोघी कासोटा खोचून आत शिरल्या. त्या मधोमध पोचल्या तोच पलीकडून शिट्टी वाजली. खाकीतला एक माणूस काठी घेऊन काठावर धावत आला.

“थांबा! कुठं निघालाय? पास हाय का?”

केसरबाई थांबली नाही. ती काठावर चढली, पदर पिळला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. “तुमचे सरपंच कुठं हायेत?”

“आजारी हायेत. कुणाला भेटत न्हाईत.”

नकोशी त्याच्या सदऱ्याकडं बघत होती. काजं तिनं स्वतः केली होती, तिला आपला दोरा ओळखू आला. तिनं त्याला वरून खालीपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मायेनं विचारलं, “जेवलास का रं? तुमा समद्यांच्या भाकरी कुणाच्या घरात होत्यात?”

त्याला प्रश्नात काही काळंबेरं दिसलं नाही. त्यानं काठीनं देवळामागचं एक घर दाखवलं. घरातून धूर येत होता. दोघी तिकडं चालू लागल्या.